जागल

शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली म्हणजे आपण शस्त्रवैद्याच्या हाताविषयीं बोलतों. हात किती सफाईचा, किती तास चालला, काय काढलें आणि काय जोडलें, याच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. आणि त्या सांगाव्यात असेच ते हात असतात, हेंहि खरें. परंतु कांहीं शस्त्रक्रिया अशा आहेत कीं, त्यांचा निकाल शस्त्र खालीं ठेवल्यावर लागूं लागतो. सुरी, सुई आणि सूक्ष्मदर्शक यांचें काम संपलेलें असतें, शस्त्रवैद्य हात धुऊन घरीं गेलेला असतो, आणि खरी परीक्षा मध्यरात्रीं, मंद दिव्याच्या उजेडांत, एका परिचारिकेच्या डोळ्यांपुढें चाललेली असते. तोंड, जबडा किंवा गळा यांतील कर्करोग काढून टाकल्यावर तेथें शरीराच्या दुसऱ्या भागांतील मांस आणून बसवितात, ती शस्त्रक्रिया या जातीची आहे. मी वैद्य नाहीं. महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविणारा मनुष्य आहें. पण माझ्या वडील बंधूंच्या उशाशीं बसून ही गोष्ट मला जवळून पाहावयास मिळाली, आणि नंतर जाणत्या मित्रांस विचारून व ग्रंथ चाळून मीं ती होईल तेवढी समजून घेतली.

अण्णांचें वय तेव्हां ६२ होतें. तंबाखू आणि चुना तळहातावर मळून डाव्या गालांत धरण्याची त्यांची संवय चाळीस वर्षांची. ती घरांत इतकी मुरून गेली होती कीं, तिला कोणी व्यसन म्हणत नसे. भारतांतील पुरुषांस जे कर्करोग होतात त्यांत तोंडाचा कर्करोग अगदीं अग्रभागीं आहे, आणि त्याच्या मुळाशीं बहुधा ही तंबाखू व सुपारीच असते. त्यामुळें मी ज्या शस्त्रक्रियेविषयीं लिहीत आहें ती आपल्याकडे कांहीं दूरची नवलाई राहिलेली नाहीं. तुमच्याआमच्या आळींतली गोष्ट झाली आहे.

अण्णांच्या खालच्या जबड्याचा डावा भाग, त्यावरची हिरडी आणि गालाचें आंतील अस्तर एवढें काढावें लागलें. काढलेल्या जागीं नुसती पोकळी ठेवून भागत नाहीं. ठेवली तर मनुष्यास नीट गिळतां येत नाहीं, बोलतां येत नाहीं, चेहराहि एका अंगास ओढला जातो. म्हणून त्यांच्या उजव्या पोटरीच्या बाहेरच्या अंगाचें बारीक हाड, त्यावरील कातड्यासह आणि दोहोंना रक्त पोंचविणाऱ्या वाहिन्यांसह, काढून वर आणलें. शरीराचा भार शेजारचें नडगीचें जाड हाड वाहतें. तेव्हां या बारक्या हाडावांचून मनुष्य चालूं शकतो. त्या हाडास जबड्याचें वळण देऊन तें धातूच्या पट्टीनें व स्क्रूंनीं बसविलें, कातड्यानें गालाचें अस्तर भरून काढलें, आणि तुकड्याची धमनी मानेंतल्या धमनीस व नीला मानेंतल्या नीलेस शिवली. या जिवंत तुकड्यास वैद्य लोक 'फ्लॅप' म्हणतात, आणि रुग्णाच्या घरचीं माणसेंहि दोन दिवसांत तोच शब्द उच्चारूं लागतात. मला मात्र आपला 'ठिगळ' हा शब्द बरा वाटतो. फरक एवढाच कीं, कापडाला ठिगळ लावलें म्हणजे शिंप्याचें काम संपतें. हें ठिगळ लावल्यावर तें जगतें कीं मरतें हें पाहण्याचें काम सुरू होतें.

ठिगळाची कल्पना आपल्या देशांत जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, सोळाव्या अध्यायांत, तुटलेल्या नाकाचें माप झाडाच्या पानानें घेऊन तेवढें कातडें गालावरून घेण्याचा विधि सांगितला आहे. पण याहून आपल्या जवळची गोष्ट पुण्याची आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत ती छापली गेली. इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा १७९२ च्या लढाईंत टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळच्या एका वीटकऱ्यानें कपाळाच्या कातड्याचें नवें नाक त्याला करून दिलें. रीत अशी: मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून आकार घ्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवून भोंवतीं रेघ ओढावयाची, तेवढें कातडें सोडवावयाचें, आणि दोन डोळ्यांच्या मध्यें एक बारीक पट्टी न कापतां ठेवून बाकीचें खालीं वळवून बसवावयाचें. त्या पट्टींतून रक्त येत राही. सुमारें पंचविसाव्या दिवशीं, कातडें नव्या जागीं रुजल्यावर, ती पट्टी तोडावयाची. ही हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तशीच शस्त्रक्रिया केली.

वीटकऱ्याचें सारें शहाणपण त्या पट्टींत होतें. रुजेपर्यंत मूळ तोडावयाचें नाहीं, हा त्याचा नियम. आणि पुढें दीडशेंहून अधिक वर्षें जगभरचे शस्त्रवैद्य थोड्याबहुत फरकानें याच नियमानें चालले. मूळ तोडण्याचें धाडस येण्यास मध्यें बऱ्याच गोष्टी घडाव्या लागल्या. रक्तवाहिन्या एकमेकींस शिवण्याची रीत अलेक्सी कारेल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं बसविली, आणि तीबद्दल त्याला १९१२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. १९६० सालीं अमेरिकेंत जेकबसन यानें सूक्ष्मदर्शकाखालीं दोनतीन मिलिमीटर व्यासाच्या वाहिन्या शिवून दाखविल्या. १९७५ सालीं ऑस्ट्रेलियांत टेलर यानें पोटरीचें हें बारीक हाड त्याच्या वाहिन्यांसह जखमी पायांत नेऊन बसविल्याचें प्रसिद्ध केलें. आणि १९८९ सालीं न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यानें त्याच हाडाचे जबडे केल्याचें प्रसिद्ध केलें. आतां पायाचें हाड तोंडांत जाऊं शकतें. पण पंचवीस दिवस राखून ठेवलेली ती पट्टी गेली. तिच्या जागीं दोन बारीक वाहिन्या आणि केसाहून बारीक धाग्याचे थोडेसे टांके, एवढाच आधार राहिला.

मूळ तुटलें, तेव्हां जागल आली. घाटावरच्या खेड्यांत ज्वारी हुरड्यास आली म्हणजे शेतकरी रात्रभर माळ्यावर बसून राखण करतो, तिला जागल म्हणतात. पिकाचा विशेष हा कीं, तें ओरडत नाहीं. रानडुकरें शिरलीं तर तें उभ्या उभ्या खाल्लें जातें. राखणारा जागा असला तरच तें वांचतें. ठिगळाचीहि अवस्था हुबेहूब अशीच असते.

शिवलेल्या जागीं रक्ताची लहानशी गुठळी झाली, नीला किंचित् पिळली गेली, मानेंत रक्त सांचून तिच्यावर दाब पडला, किंवा श्वासनळींत घातलेल्या नळीची फीत मानेभोंवतीं जरा घट्ट झाली, तरी ठिगळाचा प्रवाह अडतो. अशी अडचण बहुधा पहिल्या तीन दिवसांतच येते. ती वेळेवर कळली आणि रुग्णास तत्काळ पुन्हां शस्त्रक्रियागृहांत नेलें, तर ठिगळ पुष्कळदां वांचतें. कांहीं तास तसेच गेले, तर मोठी वाहिनी मोकळी करूनहि आंतल्या केशवाहिन्यांत रक्त पुन्हां खेळत नाहीं. सारें काळें पडतें आणि काढून टाकावें लागतें. मग रुग्णाच्या पायाचें हाडहि गेलें आणि जबडाहि गेला. अनुभवी ठिकाणीं अशा १०० शस्त्रक्रियांपैकीं ९५ हून अधिक यशस्वी होतात, असें ग्रंथ सांगतात. त्या यशांत दर तासाला उठून पाहणाऱ्या माणसांचा वाटा फार मोठा आहे.

मुंबईच्या ज्या रुग्णालयांत अण्णा होते तेथें रात्रीं एका नातेवाइकास दाराशीं बसूं देत, आणि मधून मधून आंतहि येऊं देत. पहिले दोन दिवस दर तासाला एक परिचारिका येई. हातांत लहान विजेरी. अण्णांचें तोंड हळूच उघडून ती प्रथम ठिगळाचा रंग पाही. मग बोटानें दाबून सोडी, आणि दाबल्या जागीं रंग परत येण्यास किती वेळ लागतो तें मनांत मोजी. दोनतीन सेकंद लागले तर ठीक. मग ठिगळ गरम आहे कीं गार, मऊ आहे कीं ताणलेलें, हें पाही. शेवटीं लेखणीएवढी एक कांडी ती मानेवर खुणेच्या टांक्याशीं टेकी, आणि छोट्या यंत्रांतून फुस्स्-फुस्स् असा ताल ऐकूं येई. तो वाहणाऱ्या रक्ताचा आवाज. ख्रिस्तियन डॉपलर यानें १८४२ सालीं ताऱ्यांच्या रंगाविषयीं जो सिद्धान्त मांडला, तोच तेथें माझ्या भावाच्या मानेवर वाजत होता. मग ती तक्त्यांत पांच रकाने भरी, मान सरळ आहे ना, फीत सैल आहे ना हें पाही, आणि जाई.

रक्त येणें बंद झालें तर ठिगळ फिकें, गार आणि लुळें पडतें. दाबून सोडलें तरी रंग परत येत नाहीं. रक्त परत जाणें बंद झालें तर तें निळसर-जांभळें होऊन फुगतें, आणि दाबून सोडल्यावर रंग नको इतक्या चपळाईनें परत येतो. दुसरा प्रकार अधिक वेळां घडतो, आणि आरंभीं तो फसवा असतो. कारण ठिगळ गरम असतें आणि भरलेलें दिसतें. शंका आली तर सुईचें टोंक टोंचून पाहतात: तांबडें रक्त सावकाश आलें तर ठीक, काळसर रक्त भरभर आलें तर संकट.

या खुणांतील रंगाची खूण आपल्या लोकांत विशेष अवघड आहे. ग्रंथांत 'गुलाबी' लिहिलेलें असतें. अण्णांच्या पायाचें कातडें सांवळें, आणि तें गुलाबी कधींच होणार नव्हतें. तेव्हां पाहावयाचें तें हें कीं, मागच्या तासाला जसें होतें तसेंच तें आतां आहे कीं नाहीं. रात्रीं आठ वाजतां पाळी बदले, तेव्हां जाणारी आणि येणारी अशा दोघीजणी एकाच विजेरीच्या उजेडांत तें ठिगळ एकत्र पाहत. मीं कारण विचारलें. जाणारी म्हणाली, "सर, रंग कागदावर लिहून देतां येत नाहीं. तिनें माझ्यासमोर बघितला म्हणजे मग मी मोकळी झालें." तीस वर्षें मी शब्दांचें सामर्थ्य वर्गांत वर्णन करीत आलों आहें, शब्द जेथें संपतात अशी जागा मला इतक्या थोडक्यांत यापूर्वीं कोणी दाखविली नव्हती.

दुसऱ्या रात्रीं जी परिचारिका होती ती तेवीस-चोवीस वर्षांची, कोंकणांतली. बारा वाजतांची तपासणी झाल्यावर मीं तिला सहज म्हटलें, "सिस्टर, दर तासाला तेंच तेंच पाहावयाचें. तुम्हांला कंटाळा येत नाहीं?"

ती रकाने भरीत होती. मान वर न करतां म्हणाली, "सर, आजोबांना तिथें कांहींच कळत नाहीं. दुखलें असतें, तर त्यांनींच घंटी वाजवली असती कीं."

मी त्यावर पुष्कळ वेळ विचार करीत बसलों. ठिगळाबरोबर वाहिन्या येतात. मज्जातंतु बहुधा जोडलेले नसतात. तें मांस अण्णांचेंच, पण त्या रात्रीं अण्णांना त्याची वार्ताहि नव्हती. आपल्या शरीराचा कोणताहि भाग संकटांत आला तर तो प्रथम दुखतो. दुखणें ही त्याची हांक असते. येथें हांकच नाहीं. वर, गळ्यांतल्या नळीमुळें रुग्णालाहि वाचा नाहीं. मुक्या माणसाच्या तोंडांत मुकें मांस. त्याच्या वतीनें दुखण्याचें काम जवळ उभ्या असलेल्या परक्या मुलीनें पत्करावयाचें.

एक वाजतां तिनें पाहिलें आणि लिहिलें: पूर्ववत्. दोन वाजतां ती आली, आणि नेहमींपेक्षां जास्त वेळ वांकून राहिली. यंत्राची कांडी मानेवर टेकली. ताल ऐकूं येत होता. तरी ती गेली नाहीं. विजेरी विझवून तिनें पुन्हां लावली, पुन्हां बोट दाबलें, आणि तीन वाजण्याची वाट न पाहतां दहा मिनिटांनीं परत येऊन पाहिलें. मग तिनें रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरास बोलाविलें. त्यानें सुई टोंचली. रक्त काळसर होतें, आणि तें थांबत नव्हतें.

पुढचें सगळें झपाट्यानें झालें. मुख्य शस्त्रवैद्य घरून आले. मीं कागदावर सही केली. सव्वातीनच्या सुमारास अण्णांना पुन्हां आंत नेलें. नीलेंत गुठळी झाली होती. ती काढून नीला पुन्हां शिवली. उजाडतां उजाडतां शस्त्रवैद्य बाहेर आले आणि म्हणाले, "फ्लॅप ठीक आहे. लवकर कळलें." हीं दोन लहान वाक्यें. पहिल्यांतला आनंद माझा होता. दुसऱ्यांतलें श्रेय त्या मुलीचें होतें. मागाहून मला समजलें कीं, नीला बंद झाली तरी धमनीचा आवाज कांहीं काळ तसाच ऐकूं येत राहतो. म्हणजे त्या क्षणीं यंत्र ठीक म्हणत होतें, आणि डोळा नाहीं म्हणत होता. तिनें डोळ्यावर विश्वास ठेवला.

यावरून यंत्राची निंदा करावी असा माझा हेतु नाहीं. गळ्याच्या आंत खोल बसविलेलें ठिगळ डोळ्यांनीं दिसतच नाहीं. त्यासाठीं वाहिनीभोंवतीं बसवून ठेवण्याचें डॉपलरचें बारीक साधन १९८८ सालीं स्वार्ट्झ प्रभृति अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं वर्णिलें, आणि तें वापरांत आहे. मांसांतील प्राणवायूचें प्रमाण प्रकाशकिरणांनीं अखंड मोजणारीं यंत्रेंहि निघालीं आहेत. जुनें आणि नवें येथें गुण्यागोविंदानें नांदतें: नीला दुरुस्त करतां येत नाहीं अशा प्रसंगीं सांचलेलें रक्त शोषून घेण्यास आजहि जळवा लावतात. सुश्रुतानें सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय त्यांनाच दिला आहे, आणि अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २००४ सालीं त्यांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. परंतु यंत्र असो वा जळू असो, त्यांच्याकडे पाहणारें कोणीतरी जागें असावें लागतें. यंत्राची घंटा खोटीहि वाजते आणि वाजावयाची राहतेहि. दोन्ही प्रसंगीं उठून तोंड उघडून पाहावें लागतें.

जागलीचा खरा शत्रु झोंप नव्हे. झोंपलेला मनुष्य निदान झोंपलेला दिसतो. खरा शत्रु म्हणजे न पाहतां लिहिलेलें 'पूर्ववत्'. चोवीस वेळां तेंच दिसल्यावर पंचविसाव्या वेळीं डोळा कागदावरच्या मागच्या ओळीकडे पाहून लिहूं लागतो, ठिगळाकडे पाहून नव्हे. रकाना भरला जातो, सहीहि होते, आणि तक्ता इतका नीटनेटका दिसतो कीं, तपासणाऱ्यास त्यांत वावगें कांहीं आढळत नाहीं. हा धोका रुग्णालयापुरता नाहीं. आपल्या शाळांतील हजेरीपटांत, कचेऱ्यांतील तपासणीच्या वह्यांत, पूल आणि धरणें यांच्या अहवालांत असे 'पूर्ववत्' किती असतील! जेथें पाहिली जाणारी वस्तु मुकी असते तेथें ही संवय फार लवकर जडते, कारण तक्रार करणारें कोणी नसतें. वर्गांत शेवटच्या बाकावर बसणारा, कधीं शंका न विचारणारा विद्यार्थी याच वर्गांत मोडतो; हजेरीच्या वहींत तो रोज 'उपस्थित' असतो. उलट, घरोघरच्या आया मूल निजल्यावर, ताप नसतांहि, त्याच्या कपाळावर हात ठेवून पाहतात. त्यांना रकाना भरावयाचा नसतो, आणि म्हणूनच त्यांचा हात खरोखर कपाळावरच असतो.

परिचारिकेस मात्र रकानाहि भरावयाचा असतो आणि पाहावयाचेंहि असतें. तेंहि परक्या माणसासाठीं, एका रात्रींत अनेकांसाठीं. ज्या विभागांत एकीकडे चार रुग्ण आहेत तेथें दर तासाला खरोखर पाहणें होऊं शकतें. बारा असतील तर शक्तीच पुरणार नाहीं, मन कितीहि चांगलें असो. नवें यंत्र विकत घेतांना समारंभ होतो. रात्रपाळीला आणखी दोन परिचारिका नेमल्या तर कोणी नारळ फोडीत नाहीं. परंतु अण्णांचा जबडा आज जाग्यावर आहे, तो दोन वाजून दहा मिनिटांनीं पुन्हां येऊन पाहण्यास कोणाला तरी सवड होती म्हणून.

दोन महिन्यांनीं अण्णा मऊ भात खाऊं लागले. चालतांना पाय थोडा जपून टाकतात. बोलणें जरा जड, पण स्पष्ट आहे. ठिगळ जिवंत आहे, तथापि मुकेंच आहे. कांहीं रुग्णांस पुढें तेथें थोडी संवेदना येते. अण्णांना अजून आलेली नाहीं, आणि जबड्याबरोबर खालच्या ओठाचा मज्जातंतु गेल्यामुळें ओठाचा डावा कोपराहि बधिर आहे. तेथें भाताचें शीत चिकटलें तर त्यांना कळत नाहीं. वहिनी जेवतांना आतां त्यांच्या समोर बसतात. चारचौघांत त्या कांहीं बोलत नाहींत. शीत दिसलें कीं, आपल्याच ओठाच्या कोपऱ्यास बोट लावतात. अण्णा पंचानें ओठ पुसतात आणि पुढचा घांस घेतात.